चार ओळींची आंघोळ

रंगरावांच्या वांग्याला यंदा फळच धरेना. चिंचवडला त्यांच्या बांधाला लागून ओतकामाचा कारखाना आला होता आणि त्याच्या धुराड्याची काजळी थेट वांग्यावर उतरत होती. थंडीत धुकं पडलं, की पानं तव्याच्या बुडासारखी काळी. रंगरावांनी तक्रार केली. कंपनीचं उत्तर आलं, 'नुकसान हवामानामुळे असावे. पाहणीस साहेब गुरुवारी येतील.' साहेबांना काजळी पटली नाही, तर पुढच्या साली वांगं लावायची रंगरावांची छाती नव्हती.

बुधवारी ते तळेगावच्या बाजारातून परतले आणि बांधावरच मटकन बसले. त्यांच्या मंडळी, सुभद्राबाई, ओल्या फडक्यानं एकेक पान पुसत होत्या. वाटेकडच्या चार ओळी हिरव्यागार झाल्या होत्या.

"अगं, ह्ये काय चालवलंयस?"

"उद्या सायेब येनार न्हवं? पावन्याम्होरं असली घान ठिवायची व्हय?"

"त्यो घानच बघाया येनार हाय! पुरावा धुऊन टाकलास की!"

"मंग तव्याची काजळी फासा परत. मला बाई लाज वाटती."

गुरुवारी साहेब आलेच नाहीत. निरोप आला, पुढच्या गुरुवारी. असे सहा गुरुवार गेले आणि दर बुधवारी सुभद्राबाईंनी पाहुण्यासाठी त्याच चार ओळी पुसल्या. बाकीच्या ओळींना हात लावायचा नाही, एवढी शपथ मात्र रंगरावांनी घालून ठेवली होती. पण पुसलेल्या झाडांना वांगी अशी लगडली, की रंगराव त्या ओळींकडे बघेनासे झाले. असं पीक दाखवून तक्रार करायची कुठल्या तोंडानं?

अखेर सुरेंद्र साहेब उगवले. अहवाल खिशात तयारच होता, फक्त सही बाकी. रंगरावांनी त्यांना लांबच्या बाजूनं फिरवलं. खुरटी झाडं बघून साहेब म्हणाले, "हवामान, रंगराव. यंदा धुकं फार." आणि परत फिरताना नेमके वाटेकडे वळले.

तिथं ते थबकले. फांद्या वांग्यांच्या भारानं जमिनीला टेकल्या होत्या. साहेबांनी उकिडवं बसून एका झाडाची वांगी मोजली. एकोणीस. शेजारच्या काळ्या ओळीतल्या झाडाला तीन. त्यांनी पुन्हा मोजलं.

"बियाणं वेगळं?"

"न्हाई साहेब," रंगराव मान खाली घालून म्हणाले. "बी त्येच, खत त्येच, पानी त्येच. चूक झाली. मंडळींनी तुमच्यासाठी पानं पुसली."

"आन् हवामान," फडकं हातात घेऊन मागं उभ्या असलेल्या सुभद्राबाई पदर सावरत म्हणाल्या, "वळीवळीला येगळं आसतंय व्हय, सायेब?"

साहेब उठले. एकदा धुराड्याकडे, एकदा त्या फडक्याकडे बघत राहिले. शिकलेल्या माणसाला इतकं थक्क झालेलं रंगरावांनी कधी पाहिलं नव्हतं. मग साहेबांनी खिशातला अहवाल काढून फाडला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. धुराड्याला काजळी अडवणारी जाळी बसवायचा विचार आहे, त्याआधी मुंबईचे मोठे साहेब येत्या गुरुवारी स्वतः बघतील.

सुभद्राबाईंनी लगेच बादली उचलली. रंगराव मागोमाग धावले.

"अगं, चारच वळी! पाचवीला हात लावशील, तर बघ!"