दारू नव्हे, वाइन

आमचे शेजारी दत्तूकाका पाणीसुद्धा हुंगून पितात. भांडं उजेडात धरतात, गोल फिरवतात, नाक आत खुपसतात आणि निकाल देतात, "कालचं आहे." आमच्या आळीत नळ एक दिवसाआड येतो. पाणी कालचंच असणार, हे सांगायला नाक कशाला लागतं?

खरं सांगतो, मला या माणसाचा संताप यायचा. शेजारी म्हणून इतकी वर्षं गप्प बसलो.

काका बोटीवर स्टुअर्ड होते. साहेबलोकांना वाइन ओतता ओतता स्वतःच साहेब झाले. एका कप्तानानं त्यांना जुन्या तांबड्या वाइनची बाटली दिली. ती घरी कपाटात आडवी ठेवून ते पुन्हा बोटीवर गेले. मुंग्या लागतील म्हणून काकींनी मागाहून बुचावर मेणबत्तीचं मेण ओतलं. निवृत्त झाल्यावर काकांनी अख्ख्या आळीला त्या बाटलीवर व्याख्यानं दिली. मी एकदा चुकून दारू म्हणालो.

"दारू नव्हे, वाइन! दारू तुझा मामा पितो, मेल्या!"

मामा खरंच पितो. पण म्हणून काय चारचौघांत सांगायचं?

"नाव काही द्या," काकी आतून म्हणायच्या, "कपाटापलीकडेच देव आहेत, त्यांना वास यायचा तो येतोच."

गेल्या वर्षी काकी गेल्या. दुःखातल्या माणसाशी काय बोलावं ते मला सुचत नाही, म्हणून मी त्या घरी जायचंच टाळलं. त्याची बोच होती. परवा काकांनी हाक मारल्यावर निमूट गेलो.

टेबलावर दोन ग्लास. "एकट्यानं प्यायची चीज नव्हे ही," म्हणत त्यांनी मेण खरवडलं, बूच काढलं, ओतलं.

"गढूळ आहे," मी म्हणालो.

"गाळ तो! जुनी आहे म्हणून. तुला काय कळतंय?" त्यांनी मोठा घोट घेतला आणि ताडकन उठले. "मीठ! वाइनमध्ये मीठ?"

मी जीभ लावली. शंकाच नको. नारळाच्या दुधाशिवायची सोलकढी. "काका, हे कोकमाचं आगळ आहे."

काका तांबडेलाल झाले. भिंतीवरच्या फोटोकडे वळले. "ओतलीस! मी बोटीवर असताना मोरीत ओतलीस! आणि वर मला मुंग्या सांगतेस? काय गो, हसतेस कशाला?"

चीड मलाही आली. मी इतकी वर्षं ऐकलेली व्याख्यानं रातांब्याच्या रसावर होती! "आणा ती बाटली," मी म्हणालो, "मोरीत ओततो."

त्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट. मग खाली बसले, आणखी एक घोट घेतला, डोळे मिटून तो बराच वेळ तोंडात ठेवला.

"परसातले रातांबे," ते हळूच म्हणाले. "मीठ दोनदा पडलंय. मध्येच कुणी हाक मारली की विसरायची ती, घातलं की नाही ते."

मी माझा ग्लास अलगद टेबलावर ठेवू लागलो.

"पी रे," ते म्हणाले. "पण सावकाश पी. तिच्या हातचं आता घरात एवढंच उरलंय."

मला तेव्हाही काही सुचलं नाही. त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसलो आणि सावकाश प्यायलो.