मागची भिंत

"तुमच्या टाकीत भोवरा होतोय," असं मोठे साहेब म्हणाले, त्याचं थोरल्यांना फारसं काही वाटलं नाही. झोंबलं ते पुढचं वाक्य. "धाकट्यांना जरा संगणकावर बघू द्या."

पंप बनवणाऱ्या त्या कंपनीत दोन साडू कामाला होते, म्हणून सगळे त्यांना थोरले आणि धाकटे म्हणत. पंप ज्या टाकीतून पाणी ओढतो, तिची आखणी थोरल्यांची. "पंपाच्या मागे भिंत लांब हवी, पाण्याला ऐसपैस जागा हवी," हे ते नोकरीला लागल्यापासून सांगत आले होते. आणि हा धाकटा! परवा आला काय, संगणकात खोटं पाणी सोडून खऱ्या पाण्याचं भविष्य सांगायला लागला काय! त्यातून विभागप्रमुखांची खुर्ची रिकामी होणार होती, आणि थोरले मनातल्या मनात तिच्यावर कधीच जाऊन बसले होते.

घरी तरी सुख? नाव नको.

"धाकटीचा नवरा पडद्यावर पाणी वाहवतो म्हणे," बायको म्हणाली. "लाल, निळं, हिरवं. किती हुशार ना!"

"नळाखाली बादली धर. तिथेही वाहतं, आणि खरं असतं."

"जळता कशाला एवढे?"

"मी? आणि त्याच्यावर? हॅ!" असं म्हणून ते अर्ध्या जेवणावरून उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते सहज म्हणून धाकट्याच्या खोलीत डोकावले. धाकटा डबा घेऊन निघालाच होता.

"साडूभाऊ, तुमची टाकी जशीच्या तशी संगणकात घातलीय. जेवून आलो की बटण दाबायचं, रात्रभर गणित चालेल. सकाळी साहेब बघायला येतायत."

"जा हो, पोटभर जेवा," थोरले मायेने म्हणाले.

दार लोटलं गेलं. पडद्यावर त्यांची टाकी होती आणि शेजारच्या चौकटीत मागच्या भिंतीचं अंतर. थोरल्यांनी जन्मभर जे पाप मानलं, तेच केलं. आकडा खोडून एवढासा घातला. भिंत पंपाच्या पाठीला जवळजवळ चिकटली. आता उठू देत भोवऱ्यावर भोवरे, होऊ दे साहेबांसमोर शोभा!

सकाळी शोभा नीट दिसावी म्हणून त्यांनी पुढचीच खुर्ची पकडली. पडद्यावर पाणी सुटलं. निळ्या रेघा शहाण्यासारख्या पंपापर्यंत गेल्या आणि गुपचूप आत शिरल्या. भोवरा औषधालाही नव्हता. साहेबांनी लगेच खाली चाचणीच्या टाकीत पंपाच्या पाठीशी फळी उभी करायला लावली, तर तिथलं खरं पाणीही तसंच वागलं. पाण्याने सुद्धा धाकट्याची बाजू घ्यावी!

"शाब्बास! भिंत जवळ आणायचं कसं सुचलं?" साहेबांनी विचारलं.

धाकटा डोकं खाजवत म्हणाला, "खरं सांगू साहेब? मी नाही आणली. कुणीतरी सरकवलीय."

"बघा, केवढा विनय! विभागप्रमुख असाच हवा."

थोरल्यांना खुर्ची हातची जाताना दिसली. "मी सरकवली!" ते ओरडले.

खोलीत हशा पिकला. "तुम्ही?" साहेब डोळे पुसत म्हणाले. "अहो, भिंत लांबच हवी म्हणून माझ्याशी अबोला धरला होतात तुम्ही!"

"शपथ घेऊन सांगतो, मीच!"

हसला नाही तो फक्त धाकटा. "साहेब, साडूभाऊ खोटं बोलायचे नाहीत. मी जेवायला गेलो तेव्हा खोलीत तेच होते. हे श्रेय त्यांचं, आणि खुर्चीही त्यांचीच."

हसणं थांबलं. साहेब वळले. "असं? मग एवढंच सांगा, यांना सांगायचं सोडून, हे जेवायला गेल्यावर गुपचूप का सरकवलीत?"

सगळे थोरल्यांकडे बघत होते. धाकटा तर इतक्या कौतुकाने बघत होता की बघवेना.

"गंमत केली हो, साहेब," थोरले म्हणाले. "भिंत त्यांचीच."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्याच खुर्चीत असल्यामुळे थोरल्यांनाही वाजवाव्या लागल्या.