बगळावीराच्या छातीचं हाड

गेल्या तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, बोरगाव मेघेतल्या आमच्या वाचनालयातून वामनराव भोयर यांना बाहेर काढण्यात आलं. हात धरून नाही. ग्रंथपालांनी टेबलावरचा त्यांचा चष्मा उचलून त्यांच्या हातात दिला आणि "काका, समितीचं म्हणणं आहे" एवढंच म्हटलं. आरोप दोन. एक, बालविभागातल्या कॉमिक्सच्या समासात पेन्सिलीनं लिहिणं. दोन, लहान मुलांचा आनंद हिरावून घेणं.

मी पत्रकं लिहिते. रस्त्यावरचे दिवे, नळाचं पाणी, बसथांबा. एका माणसासाठी पत्रक लिहायची ही पहिलीच वेळ. ते लांबलं आणि त्याचं पत्रकपण उरलं नाही, हे मला कबूल आहे.

भोयरकाका आमचे शेजारी. पुलगावच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. बेडूक आणि साप ठेवलेल्या बाटल्या पुसून ठेवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली काचा लावून द्यायच्या, आणि शिकवणं चालू असताना मागच्या भिंतीला टेकून उभं राहायचं. "प्रोफेसर बदलत गेले, मी नाई बदललो," ते सांगतात. "एकच लेक्चर मी एकतीस वर्षं ऐकलं. पोरं एकदाच ऐकत, तेही अर्धं."

निवृत्त झाल्यावर त्यांनी सुपरहिरोंची कॉमिक्स तपासायला घेतली. वाचायला नाही, तपासायला. रोज सकाळी दहा ते बारा, पुन्हा दुपारी दोन ते पाच, बालविभागातल्या बुटक्या खुर्चीवर, गुडघे जवळजवळ हनुवटीला लागलेले. हातात शिसपेन्सिल. प्रत्येक शक्तीपुढे शेरा: ‘अशक्य’, ‘अर्धं शक्य’, किंवा ‘विचार करू’.

घोरपडवीर नावाचा एक नायक आहे. त्याला प्रयोगशाळेत घोरपड चावते आणि तो सरसर भिंती चढू लागतो. त्या पानाच्या समासात काकांच्या सुबक अक्षरात लिहिलंय: ‘चावल्यानं जखम होते. गुण येत नाहीत.’ त्याच्याखाली, बारीक अक्षरात: ‘धनुर्वाताचं इंजेक्शन घेतल्याचं चित्र कुठेही नाही.’

मी एकदा त्यांच्याशी वाद घातला. म्हटलं, काका, गोष्ट आहे, चालतं. ते म्हणाले, चालत नाही. अंगात पेशी किती, आणि चावा एकाच पोटरीला. सगळ्या पेशींना निरोप पोचवणार कोण? पाल भिंतीवर टिकते कारण ती पालीएवढी आहे. तिला माणसाएवढी केली की वजन भराभरा वाढतं आणि पंजा त्या मानानं वाढत नाही. मग उडणाऱ्यांकडे वळले.

"पंख फुटले, ठीक आहे. पण ते हालवाले छातीले मोठं हाड पाह्यजे, नावेच्या तळासारखं. बगळ्याले असते. ह्या तुह्या बगळावीराले कुठी आहे? हाडाचं सांगजो पहिले."

‘हाडाचं सांगजो’ हे त्यांचं सगळीकडे चालतं. लग्न ठरल्याचं सांगा, नवा रस्ता होणार असल्याचं सांगा, काका ऐकून घेतात आणि हाडाचं विचारतात. माझ्या पत्रकांनासुद्धा त्यांनी सोडलं नाही. बसथांब्याच्या पत्रकात मी ‘हजारो प्रवासी’ लिहिलं होतं. काका दोन दिवस थांब्यावर जाऊन बसले आणि ‘हजारो’ खोडून ‘बरेच’ करायला लावलं. मी चिडले होते. अजूनही थोडी चिडलेली आहे.

सगळ्यात जास्त राग त्यांना एका वगळलेल्या प्राण्याचा येई. डुकराच्या हृदयाची झडप माणसाच्या छातीत बसवतात. साखरेच्या आजारावरचं औषध वर्षानुवर्षं डुकरापासून काढलं. "ज्यानं खरंच माणसाले वाचवलं त्याचा हिरो काढाची लाज वाटते ह्या लोकाइले," ते म्हणत. "वाघाचा काढतात. वाघानं काय केलं आपल्यासाठी?"

पण या माणसाला स्वप्नं पडत नव्हती असं समजू नका. एखादी गोष्ट ‘अर्धं शक्य’मध्ये आली की त्यांची पेन्सिल थांबायची. एका कॉमिकात अंधारात उजळणारी माणसं होती. काकांनी मला हळू आवाजात सांगितलं की हे पुरतं खोटं नाही. समुद्रातल्या जेलीफिशचा उजळायचा गुण शास्त्रज्ञांनी उंदरात घातला, आणि निळ्या दिव्याखाली उंदीर हिरवा दिसला. मग ते खिडकीबाहेर पाहत राहिले. वर पंखा संथ फिरत होता, दाराबाहेर कडुनिंबाची सावली लांबत होती. "आंजीच्या रस्त्यानं बाया कापूस वेचून येतात ना दिवेलागणीले," ते म्हणाले, "त्या सगळ्या हिरव्या-हिरव्या उजळत आल्या असत्या. दुरून शेतातून नदी आल्यासारखी दिसली असती." बराच वेळ आम्ही दोघंही त्या नदीकडे पाहत होतो. मग त्यांनी लिहिलं, ‘विचार करू.’

आता तान्हा पोळा. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरं लाकडाचे बैल सजवून, वेश करून मिरवतात. वाचनालयाच्या अंगणात दरवर्षी स्पर्धा असते. यंदा परीक्षक म्हणून कोणाला तरी काका सुचले. सुचवणाऱ्याचं नाव मी लिहीत नाही, कारण ते माझंच आहे.

बहुतेक पोरं सुपरहिरो होऊन आली होती. काकांनी प्रत्येकाला रीतसर तपासलं. समितीच्या अध्यक्षांची नात बगळावीर होऊन आली होती, पुठ्ठ्याचे पांढरेशुभ्र पंख लावून. काकांनी प्रेमानं तिच्यासमोर उकिडवं बसून विचारलं, तुझं वजन किती, हाडं पोकळ आहेत का भरीव. पोरगी म्हणाली, माहीत नाही. काका म्हणाले, मग उडू नकोस, पडशील. तिनं भोकाड पसरलं.

आणि पहिला नंबर? तो त्यांनी कुठल्याच पोराला दिला नाही. एका लाकडी बैलाला दिला. माइकवर कारणही सांगितलं: आज इथं आलेल्यांत वशिंड बरोबर जागेवर असलेला हा एकटाच आहे.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता जे झालं ते वर लिहिलंच आहे.

मी त्याच दुपारी निषेधाचा अर्ज घेऊन त्यांच्या घरी गेले. काकांनी अर्ज दोनदा वाचला आणि सही नाकारली. पहिला आरोप खरा आहे, पेन्सिल मी चालवली, म्हणाले. मी भडकले. म्हटलं, काका, तुमची रोजची जागा गेली आणि तुम्ही आरोपच तपासत बसलात. तेव्हा आतल्या खोलीतून आवाज आला, "तिले आत येऊ द्या, बाबा."

वैशालीताई त्यांची मुलगी. तिशीची. मी तिला आजवर दारातच पाहिलं होतं. पलंगावर पडून होती, गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी लावलेली. तिला सिकलसेल आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात, आणि मग हाडं अशी दुखतात की माणूस बोलू शकत नाही. आई-वडील दोघांकडून अर्धं अर्धं येतं. दोघांनाही माहीत नव्हतं. काकू गेल्यापासून घरात हे दोघंच.

ताईनं सांगितलं ते असं. दुखणं सुरू झालं की औषध लागू पडेपर्यंतचा वेळ काढायचा असतो. लहानपणी बाबा कॉमिक वाचून दाखवत. मोठी झाल्यावर तिला खोट्याचा राग येऊ लागला. बालविभागाची पुस्तकं घरी मिळत नाहीत, म्हणून बाबा तिथं बसून वाचतात, शेरे पाठ करतात आणि घरी येऊन मांडतात. ती ‘अशक्य’ला ‘शक्य’ करायला भांडते, ते हाडाचं विचारतात. "भांडता भांडता गोळी लागू पडते," ती म्हणाली. "आता बाबाजवळ नवीन काईच नाई. जुनं सगळं भांडून झालं."

काका दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, प्रयोगशाळेत उभे राहत असतील तसे.

"सगळ्या कॉमिकाइत रक्तात दुसरं रक्त मिसळलं की माणूस बलवान होते," ते म्हणाले. "आमच्या घरी मिसळलं तर हे झालं. आईबापाकडून जे जनुक येते, त्यात एका अक्षराचा फरक असते, बाई. एकाच. आता ते अक्षर दुरुस्त कराले लागले म्हणतात, दूर कुठी तरी. म्हणून मी पाहतो. एखाद्या पानात कोणी बरोबर लिहिलं असंन तर."

"हाडाचं सांगा, बाबा," ताई डोळे मिटून म्हणाली. काका हसले, आणि चष्मा पुसायला बाहेर गेले.

हे छापायला ताईनं परवानगी दिली आहे. अट एकच: कुठेही ‘बिचारी’ लिहायचं नाही.

माझं म्हणणं साधं आहे. भोयरकाकांची बुटकी खुर्ची त्यांना परत द्या आणि बालविभागाची पुस्तकं त्यांच्या नावावर घरी जाऊ द्या. समितीची बैठक येत्या मंगळवारी संध्याकाळी पाचला, वाचनालयातच आहे. घरून सहानुभूती पाठवू नका. या, पुढच्या रांगेत बसा, आणि विचारतील तेव्हा हात वर करा.