मावशीचा टीव्ही गच्चीवर

शनिवारी संध्याकाळी चार मित्रांनी गच्चीवर जमायचं, निखाऱ्यांवर काहीबाही भाजायचं आणि जुन्या टीव्हीच्या आठवणी काढायच्या, असा साधासुधा बेत ठरला. साधेपणात कुठे कसूर राहू नये म्हणून तयारी महिनाभर चालली. दंतवैद्याने परदेशी बनावटीची बार्बेक्यूची शेगडी घेतली. तिच्या झाकणावर तापमापक होता. 'सामूहिक टीव्ही-दर्शनाचा ऱ्हास' या विषयावर अगदी थोडं बोलायचं प्राध्यापकाने कबूल केलं. वकिलाने पोशाख ठरवून दिला: अनौपचारिक, आणि तो सक्तीचा. यजमानपद लिफ्ट तपासनिसाकडे आलं, कारण गच्ची त्याच्याच घराच्या डोक्यावर होती.

चौघंही याच इमारतीत लहानाचे मोठे झालेले. त्या काळी सबंध इमारतीत टीव्ही एकच, तळमजल्यावरच्या मावशीकडे. ती कुणाचीच सख्खी मावशी नव्हती, म्हणून सगळ्यांचीच होती. संध्याकाळ झाली की पोरं तिच्या खोलीत दाटीवाटीने बसायची. चित्र थरथरलं की मावशी जिने चढून गच्चीवर जायची, अँटेना धरायची आणि वरून ओरडायची, "आलं का रे?" खालून पोरं ओरडायची, "आलं! गेलं! आता आलं! तिथेच थांब!" मग मावशी तिथेच थांबायची. तिने स्वतः किती कार्यक्रम पाहिले, हे विचारायचं कुणाला कधी सुचलं नाही.

"ते दिवस गेले," बेत ठरवताना प्राध्यापक म्हणाला होता. "आता शेजारी शेजाऱ्याला विचारत नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशीच्या दारात कित्येक महिन्यांत कुणी फिरकलं नव्हतं, त्यामुळे मुद्दा चटकन पटला.

वातावरणनिर्मितीसाठी अस्सल जुना टीव्ही हवा होता. मावशीकडे तो अजून होता, आणि दुरुस्तीवाल्याने मागे एक डबा जोडून दिल्यामुळे चालतही होता. तपासनीस मागायला गेला.

"ने की," मावशी म्हणाली. "पण मीही येते वर. गुडघे गेल्यापासून गच्ची बघितली नाही रे मी. आणि तुम्ही सगळे असणार. लिफ्ट आहे ना?"

लिफ्ट होती. उत्तम चालत होती. फक्त तिला सील ठोकलेलं होतं, आणि ते खुद्द तपासनिसाने ठोकलं होतं. आतली 'कमाल भार' सांगणारी पाटी एकाच स्क्रूवर लोंबत असल्याचं त्याच्या नजरेस आलं होतं. हा माणूस स्वतःच्या इमारतीलाही सूट देत नाही, म्हणून कार्यालयात त्याची वाहवा झाली. दुसरा स्क्रू त्याच दिवशी बसला. पण सील काढायला फेरतपासणी लागते, फेरतपासणीला कामकाजाचा दिवस लागतो, आणि कामकाजाच्या दिवशी तपासनीस कामात असतो.

"अहो, सील काढायची पक्कड तुमच्याच पिशवीत आहे ना?" बायकोने विचारलं.

"आहे. पण आज शनिवार."

"पक्कडीला वार कळतो?"

तपासनिसाने पिशवीची चेन लावली. कायद्याची जाण नसलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

तेवढ्यात खालून दंतवैद्याचा फोन आला. ही शेगडी जिन्याने चढवली तर सोमवारी तो रोग्यापुढे उभा राहू शकणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. तपासनिसाने डोकं खाजवलं आणि त्याला एक तरतूद आठवली: जड वस्तूंच्या तातडीच्या वाहतुकीसाठी सील तात्पुरतं काढता येतं. पक्कडीला शनिवार चालला. शेगडी वर गेली, कोळशाची पोती गेली, बर्फाची पेटी गेली, टीव्हीही गेला.

शेवटच्या फेरीला मावशी लिफ्टच्या दाराशी येऊन उभी होती. केस नीट विंचरलेले, हातात काठी.

"मावशी, ही सोय फक्त सामानासाठी आहे गं."

"मग मला सामान समज."

"सामान बोलत नाही, मावशी."

"नाही बोलणार."

तपासनिसाला जुनी गोष्ट आठवली. लहानपणी ताप भरलेला असताना याच बाईने त्याला आपल्या खुर्चीत बसवून, पांघरूण घालून टीव्ही दाखवला होता. घ्यावी आत, कोण बघतंय, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. पण वकील बघत होता.

"काही झालं तर जबाबदारी तुझी," वकील मित्रत्वाने म्हणाला.

तपासनिसाने सील पुन्हा ठोकलं. "तुझी खुर्ची ठेवतो वर," तो मावशीकडे न बघता म्हणाला. "सगळे तुझीच आठवण काढणार आहोत."

गच्चीवर खुर्ची खरोखरच ठेवली. तिच्यावर चटण्यांच्या बाटल्या आणि कागदी रुमाल छान मावले. कोंबडी वरून करपली आणि आतून कच्ची राहिली, पण तापमापकाने योग्य आकडा दाखवल्यामुळे ती शिजल्याचं जाहीर झालं. टीव्हीवर जाहिराती लागत होत्या, म्हणून मोबाइल जोडून एक जुना कार्यक्रम लावला. तो इतका रटाळ निघाला की कुणालाच बघवेना. सगळे खजील होऊन कणसं कुरतडत बसले. इतक्यात दंतवैद्याचा पाय वायरीत अडकला आणि पडद्यावर मुंग्या आल्या.

"हेच!" प्राध्यापक किंचाळला. "हेच ते दिवस!"

चौघांचे डोळे भरून आले. मग सर्वांनी मिळून मुंग्या पाहिल्या. एकमेकांना खेटून, मन लावून पाहिल्या. प्राध्यापकाने त्याचा व्हिडिओ काढला. त्याच वेळी तळमजल्याच्या खिडकीतून हाक आली, "आलं का रे?"

"आलं!" चौघं एका सुरात ओरडले.

"काय नेमका आवाज मिळाला!" प्राध्यापक म्हणाला.

थोड्या वेळाने पुन्हा हाक आली. "झालं असेल तर माझा टीव्ही पाठवा रे खाली. रात्री तेवढीच सोबत असते."

दंतवैद्याने कंबरेला हात लावला, वकिलाने घड्याळ पाहिलं. तातडीची तरतूद दोन कामकाजाच्या दिवसांमध्ये एकदाच वापरता येते, असं तपासनिसाने खेदाने नमूद केलं आणि कठड्यावरून ओरडून सांगितलं, "सोमवारी नक्की!"

तपासनिसाच्या बायकोने एका ताटलीत दोन कणसं घेतली आणि ती जिना उतरून गेली. टीव्हीच्या रिकाम्या टेबलासमोर दोघी बसल्या. मावशीने विचारलं, "पोरांना नीट दिसत होतं ना गं?"

सोमवारी तपासनीस कामात होता.

व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल. पुष्कळांनी पाहिला. 'आलं का रे?' या हाकेपाशी तुमचाही गळा दाटून आला, तुम्ही तो आणखी दहाजणांना पाठवलात आणि खाली लिहिलंत, 'काय माणसं होती ती!' मावशी अजून आहे. तिने मात्र तो पाहिलेला नाही. तिचा टीव्ही गच्चीवर आहे. तुमच्या इमारतीतल्या मावशीने पाहिला का, हे जाता जाता विचारून घ्या. आज शनिवार नसेल, तर.