पाणी मुळाशीच

हेमकांतला चैन पडत नव्हतं. सारंगखेड्याच्या अलीकडे त्याची अकरा एकर केळी होती, सगळी ठिबकवर. शिवारात कुणाचीही नळी तुंबली की लोक त्यालाच बोलवत. अशा माणसाने नऊ गोल्डफिश बाजारातल्या साध्या फिल्टरवर पाळायचे म्हणजे कमीपणाच! म्हणून त्याने मोठा बेत आखला. वर माशांची टाकी, खाली कपाटात दुसरी. वरचं जादा पाणी पाइपने खाली उतरणार, तिथे गाळलं जाणार आणि पंप ते पुन्हा वर चढवणार. खालच्या टाकीला सम्प म्हणतात, हे तो भेटेल त्याला न विचारता सांगत सुटला होता.

पंधरा दिवस तो लग्नपत्रिकांच्या पाठीमागे नकाशे काढत होता. जेवता जेवता उठून भिंत मोजून येई. शेवटी त्याची बायको कामिनी वैतागली.

"लाइट गयी ते काय व्हई?"

"लाइट गयी ते पंप बंद. पंप बंद ते पानी बंद. इतलं साधं शे."

"मन्ही फरशी नवी शे. एक थेंब जरी पडना ते टाकी गोठामा जाई."

"कबूल!"

शब्द देऊन तो लगेच फिटिंगच्या तयारीला लागला.

ठिबक जोडणारा शांतीलाल फिटिंगला आला. पंपाकडून वर येणाऱ्या पाइपचं तोंड त्याने टाकीच्या काठाजवळ ठेवलं. हेमकांत खवळला.

"केळीले पानी कोठे देतस? शेंडाले का मुळाशी?"

"मुळाशी. पन भाऊ, ह्या मासा शेत, केळी नहीत."

"पानी मुळाशीच देनं पडस. पाइप बुडाले ली जा."

गिऱ्हाइकाशी वाद घालणं शांतीलालच्या स्वभावात नव्हतं. त्याने पाइप थेट तळाच्या खड्यांपर्यंत नेला.

तीन दिवस सगळं सुरळीत चाललं. हेमकांत शेतात गेलाच नाही. दर पाच मिनिटांनी कपाटाखाली तळहात फिरवून बघायचा. चौथ्या दिवशी कामिनीने त्याला घराबाहेर हाकललं. तो बांधावर पोचतो न पोचतो तोच फोन वाजला.

"अहो, लाइट गयी. पानी उलटं उतरी ऱ्हायनं! वरनी टाकी रिकामी होई ऱ्हायनी, खालनी भरीसन वाही ऱ्हायनी."

"असं कसं व्हई? पंप बंद शे ना?"

"पंप बंद शे, हाई पानीले कोन सांगी?"

"कॉक बंद कर!"

"कोनता? पाच शेत."

"लाल!"

"बठ्ठा लाल शेत!"

घाऊक घेतल्यामुळे पाचही कॉक एकाच रंगाचे आले होते. तेवढ्यात पलीकडे काहीतरी धपकन पडलं आणि फोन बंद झाला. हेमकांतने मोटरसायकलला किक मारली.

घरी पोचला तेव्हा पाणी उंबरा ओलांडून अंगणात आलं होतं. कामिनी खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. मांडीवर पातेलं, पातेल्यात नऊ मासे. तळाशी बुडालेल्या ज्या पाइपातून पाणी उलटं खाली ओढलं जात होतं, तो तिने ओढून पाण्याबाहेर काढला होता आणि त्याबरोबर उलटी धार थांबली होती. पिंपातून डिझेल काढताना नळी वर उचलली की धार तुटते, हे हेमकांतला लहानपणापासून ठाऊक होतं. केळीच्या नादात त्याला ते सुचलंच नाही. त्याला स्वतःची भारी लाज वाटली. तो टाकीचे पाइप सोडवू लागला.

"काय करी ऱ्हायनात?"

"शब्द दिना व्हता. टाकी गोठामा ली जास."

कामिनीने पातेलं पोटाशी धरलं. "टाकी आठेच ऱ्हाई. या नऊ जनले मी हातवर उचलीसन काढं. आते ह्या मन्हा शेत."

"मंग गोठामा काय?"

"तुम्ही. पहिले म्हशीना हौदले पाइप लाईसन दखाडा. तठे महिनाभर थेंब सांडना नही, मंगच घरमा हात लावा."

हेमकांत मोजायची टेप घेऊन गोठ्याकडे निघाला. मागे कामिनीने शांतीलालला फोन लावला.

"भाऊ, लगेच या. पाइप कोठलोंग ठेवना, ते आते मी सांगसू."