नऊपैकी सात

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सगुणाक्का सकाळची कॉफी घेत नसत. तंजावरात ही गोष्ट साधी नाही. इथे माणूस उपास करतो, मौन धरतो, डोक्यावरचे केस देवाला देऊन येतो, पण सकाळच्या कॉफीला कुणाला हात लावू देत नाही. त्यामुळे मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो आणि पहिल्याच महिन्यात हा प्रकार पाहिला, तेव्हा मला वाटलं, बाईंना बरं नसावं. खाली जाऊन चौकशी केली.

"आजार कसला, तंबी? परीक्षेला जातें. अकरा वाजेपर्यंत जीभ कोरी पाहिजे."

"कसली परीक्षा?"

"बीरची," अक्का म्हणाल्या. गणिताची म्हणावं तितक्या सहज.

मी विमा कंपनीच्या नोकरीत साताऱ्याहून बदली होऊन आलेला. बायको तिकडे शाळेत शिकवते, म्हणून इथे मी एकटाच. अक्का तेव्हा सत्तरीला टेकलेल्या. त्यांचं घराणं मराठा राजांच्या काळात इथे आलं, किती पिढ्यांपूर्वी ते त्यांनाही सांगता येत नाही. त्यांचं मराठी ऐकलं की वाटायचं, आपल्या खापरपणजीला कुणीतरी तमिळच्या चालीवर बोलायला बसवलं आहे. मला त्या 'तंबी' म्हणत, म्हणजे तमिळमधला धाकटा भाऊ. देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती. मराठीतला वाणसामानाचा कागदही त्या तमिळ अक्षरांत लिहीत.

तीस वर्षं त्यांनी एका भात संशोधन केंद्रात नोकरी केली होती. शेतीतले शास्त्रज्ञ नवं वाण काढायचे, ते शिजवून पाच बायकांपुढे ठेवायचे आणि त्या बायका चव, वास, मऊपणा पाहून नऊपैकी मार्क द्यायच्या. त्या पाचांत अक्का. निवृत्त झाल्या तरी मार्क द्यायची सवय काही निवृत्त झाली नाही. देवळातला प्रसाद, शेजारच्या घरचं सांबार, माझा पहिला पोह्यांचा प्रयोग (तीन), सगळ्याला नऊपैकी मार्क. लग्न का केलं नाही, असं मी एकदा भीत भीत विचारलं. "दोन स्थळें आलीं होतीं. दोन्ही चारावर राहिलीं," एवढंच उत्तर.

अर्धा मार्क त्या देत नसत. मी एकदा कुठल्याशा पायसमला साडेसहा म्हणालो, तर माझ्याकडे बघतच राहिल्या. "अर्धा शिजला भात जेवतोस काय तूं? सहा म्हण, नाही तर सात म्हण. माणसानें एका बाजूला उभें राहावें."

आता बिअर. अक्कांच्या धाकट्या भावाची मुलगी यमुना पुदुच्चेरीत एका लहानशा कारखान्यात बिअर बनवते. पाच टाक्या, सात-आठ माणसं. सातूबरोबर आपल्याकडचा लाल तांदूळ घालून बिअर करायची, हे तिचं खूळ. तिने पहिल्यांदा आत्याला चव घ्यायला बोलावलं, तेव्हा अक्कांनी एक घोट घेतला, दुसरा घेतला आणि विचारलं, "पाणी बदललेंस काय?" खरंच त्या आठवड्यात पाण्याची गाळणी बदलली होती. त्या दिवसापासून अक्कांचे मार्क पडल्याशिवाय यमुना एकही टाकी बाटल्यांत भरत नसे.

गल्लीत अक्का लपवाछपवी करत नसत. कुणी विचारलं तर "परीक्षेला निघालें" असं खरंच सांगत. गल्ली समजायची, बाई अजून कुठल्या कॉलेजात सुपरव्हायझर आहेत.

गुडघे कुरकुरायला लागले तशी सोबत म्हणून माझी नेमणूक झाली. नेमणुकीच्या अटी होत्या. सुगंधी तेल नाही, पावडर नाही, विडा नाही. "साबण कोणता लावतोस? नांव सांग." मी सांगितलं. "तो बंद." मग पहाटे पाचची बस. पापनाशम, कुंभकोणम, चिदंबरम करत दहा-साडेदहाला पुदुच्चेरी. मी पिणारा नाही. माझं काम वही धरून बसायचं आणि अक्का बोलतील ते लिहायचं.

आणि त्या बोलायच्या! चार ग्लास पुढे असायचे, प्रत्येकातले तीन घोट, चौथा कधी नाही. ग्लास उजेडाला धरायच्या, फिरवायच्या, नाकाशी न्यायच्या, डोळे मिटायच्या. एका बिअरबद्दल म्हणाल्या, "पापनाशमपर्यंत बरी आली, कुंभकोणमला पोचलीच नाही. पांच." म्हणजे सुरुवात चांगली, पण घोट गिळला की मागे काही उरत नाही. दुसरीबद्दल, "तिरुवैयारूला गाणें शिकायला आलेली नवी मुलगी. सूर आहे, दम नाही. सहा." एकदा त्यांनी आठ दिले, तेव्हा यमुनाने तो ग्लास उचलून स्वतःच्या कपाळाला लावला होता. नऊ मात्र कुणालाच नाही. "नऊ दिले तर उद्यां करणार काय ती?"

यमुना समोर बसून हे सगळं श्वास रोखून ऐकायची. चाळिशीची बाई, पण तेवढा वेळ निकालाच्या दिवशीची शाळकरी पोर.

मी या साऱ्यात इतका रमलो होतो की एक गोष्ट मनावर घेतली नाही. एका संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर सगळ्या घरात करपलेल्या दुधाचा वास. अक्का स्वयंपाकघराच्या दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या, पाठीमागे पातेलं काळं पडत होतं. मी धावत जाऊन गॅस बंद केला. "वय झालें, तंबी," त्या म्हणाल्या. मीही म्हटलं, होतं असं.

मग तो शनिवार आला. चार ग्लास. पहिल्याला सहा, दुसऱ्याला सहा. तिसरा यमुनाच्या लाल तांदळाचा, सगळ्यात मोठी टाकी. तो ग्लास टेबलावर ठेवताच मला वास आला. तीन दिवस पिळून ठेवलेलं ओलं फडकं असतं ना, तसा. मला वाटलं, बिअरमधलं मला काय कळतं. यमुना मान खाली घालून कागद चाळत होती. अक्कांनी ग्लास फिरवला, नाकाशी नेला, घोट घेतला. दुसरा घेतला. यमुनाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सात."

यमुनाने मान वर केली. "सात, अत्ते? नक्की?"

"सात म्हणजे सात."

"मला वाटलें होतें, यांत काही चुकलें आहे. हे कारखान्यातले सगळे म्हणतात, तुला उगीच शंका." तिने श्वास सोडला. "तुम्ही सात म्हणतां तर झालें. सोमवारी भरायला घेतें."

मी वहीत सात लिहिलं.

परतीच्या बसमध्ये अक्का खिडकीशी बसल्या. एरवी बस सुटायच्या आत त्या पिशवीतून इडल्या काढायच्या. आज पिशवी मांडीवर तशीच. बस स्टँडबाहेर पडून वळणावर आली, तेव्हा त्यांनी समोर बघतच विचारलं, "तंबी, तिसऱ्या ग्लासाला वास होता काय?"

खोटं बोलायची संधी होती. मी घेतली नाही. "होता, अक्का. ओल्या फडक्यासारखा."

त्या उठून उभ्या राहिल्या. चालत्या बसमध्ये, त्या गुडघ्यांनी. "निरुत्तुंगो!" थांबवा म्हणून त्या अशा ओरडल्या की ड्रायव्हरने जागेवरच ब्रेक मारला. कंडक्टर काहीतरी पुटपुटला, ते ऐकायला आम्ही थांबलो नाही.

कारखान्यात यमुना टाक्यांपाशी उभी होती. अक्का धापा टाकत तिच्यापुढे गेल्या.

"यमुना, सात खोड. ती टाकी भरूं नको."

"काय झालें, अत्ते?"

"मला वास येत नाही. दोन वर्षें झालीं. तो मोठा ताप आला होता ना, त्यानंतर गेला तो आलाच नाही. गोड, आंबट, कडू कळतें. वास नाही."

यमुनाचा चेहरा लाल झाला. "दोन वर्षें? आणि तुम्ही मार्क देत राहिलां? मी तुमच्या मार्कांवर टाक्या भरल्या, अत्ते! एकदां सांगायचें तरी!"

"सांगितलें असतें तर बोलावलें असतेंस काय?"

यमुनाने मागे वळून त्या टाकीकडे पाहिलं.

"मग इतके दिवस मार्क दिले कशावर?" तिने हळूच विचारलं.

"तुझ्या तोंडावर," अक्का म्हणाल्या. "चांगली झाली असली की ग्लास पुढें सरकवतांना तूं हात लवकर काढत नाहीस. बिघडली असली की पदर सारखा करतेस. तेवढ्यावरून दिले. आज तूं कागदांत तोंड घालून बसलीस, मला कांही वाचतां आलें नाही."

यमुना एका खोक्यावर बसली. "म्हणजे दोन वर्षें माझेच मार्क मला देत होतां?"

"आजचा सोडला तर एकही चुकला नाही," अक्का म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात परीक्षक नव्हता. "तुझें नाक माझ्यापेक्षां बरें आहे. हें मी आधींच सांगायचें होतें. सांगवलें नाही."

ती टाकी ओतून टाकली. यमुना आम्हाला बसपर्यंत सोडायला आली, पण वाटभर अक्कांच्या दोन पावलं पुढे चालत राहिली.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी खालून कॉफीचा वास आला. तो इतका वाईट मला कधीच वाटला नव्हता. अक्का मार्क द्यायच्याही थांबल्या. मी मुद्दाम पोहे करून नेले, तर "बरे आहेत" म्हणाल्या. बरे! यापेक्षा तीन परवडले असते. गुडघे दुखतात म्हणून देवळात जाणं सोडलं. दार लोटून दिवसभर आत बसायच्या.

दीड महिन्याने एका रविवारी सकाळी दारात गाडी थांबली. यमुना उतरली, मागून तिच्या कारखान्यातल्या दोन मुली. यमुनाने चपला काढल्या आणि आत येऊन सरळ म्हणाली, "अत्ते, या दोघींना चव घ्यायला शिकवायचें आहे. नाकें चांगलीं आहेत, शब्द नाहीत. काही विचारलें की 'नाइस' म्हणतात."

"नाक नसलेली बाई काय शिकवणार?"

"तुम्ही दोन वर्षें नाकाशिवाय परीक्षा घेतली," यमुना म्हणाली. "शिकवणी त्याहून सोपी."

अक्का गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज आला. पाच छोट्या पातेल्यांत पाच प्रकारचे तांदूळ चढले. शिजले तसे अक्कांनी एकेकावरचं झाकण काढून त्या मुलींना वाकायला लावलं. "नाइस नको. काय आठवतें तें सांग." पहिली अडखळत म्हणाली, ओलं गवत. "कापलेलें की उभें?" मुलगी पुन्हा वाकली. "कापलेलं. कालचं." अक्कांनी मान डोलावली. दुसरी उगाच काहीतरी छान छान बोलली, तर अक्का म्हणाल्या, "हें वाचलेलें आहे. वास घेऊन बोल." दुपारपर्यंत हे चाललं. निघताना यमुना वाकून पाया पडली, आणि अक्कांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही.

गाडी गेली. मी पातेली उचलायला लागलो. अक्का ओसरीवर टेकून बसल्या होत्या, दमलेल्या.

"ठेव तीं, तंबी. इथें बैस जरा." मी बसलो. "एक विचारूं? माझ्या घराला आतां कसला वास येतो?"

मी दीर्घ श्वास घेतला. शिजलेला भात होता, पाच तऱ्हांचा, एकमेकांत मिसळलेला. देवापाशी विझलेल्या वातीचं तेल होतं. न्हाणीतला ओला दगड, भिंतीवरच्या जुन्या चुन्याचा थंड, किंचित खारट वास. मला जमेल तसं मी सांगत गेलो. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या, ओठ किंचित उघडे, घोट घेतल्यासारखे. मी थांबलो.

"अजून?" त्या म्हणाल्या.