बापूंच्या पायाखालचा ब्रेक

बापूंच्या हातून आयुष्यात एकही अपघात झाला नव्हता. हे ते कुणालाही छाती पुढे काढून सांगत. आपल्याला गाडी चालवता येत नाही, हे मात्र समोरच्याने विचारल्याशिवाय सांगत नसत.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी विमा कचेरीत अपघातांचे दावे तपासण्यात घालवली होती. कुठली गाडी कुठल्या वळणावर कशावर जाऊन आदळू शकते, हे त्यांना तोंडपाठ! आणि अशा माणसाच्या नशिबी बायको आली, ती डिझेल पिकअप चालवणारी.

त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणत. टेकडीच्या माथ्यावर त्यांचं घर आणि घरामागे कारखाना. तिथे बाई सिमेंटच्या कुंड्या आणि बागेतली बाकडी ओतून घेत, पिकअपमध्ये भरत आणि स्वतः खाली गिऱ्हाइकांना पोहोचवत. निवृत्त झाल्यापासून शेजारच्या सीटवर बापू असत. काम म्हणाल तर दोऱ्या सोडायच्या, गिऱ्हाइकाशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या आणि परतताना बाईंबरोबर कुठेतरी थांबून चहा प्यायचा. एवढं सुख त्यांना नोकरीत कधी मिळालं नव्हतं.

फक्त टेकडीचा तो उतार सोडून! उतार लागला की बापूंचा उजवा पाय समोरच्या रबरी मॅटवर आपोआप दाबला जाई. दाबून दाबून मॅटला तिथे खळगा पडला होता.

"अहो, काय दाबताय? तिथे काही नाहीये!" बाई हसत.

"तेच तर! असायला हवं होतं!" बापू म्हणत.

मग एक दिवस बाकडी घेऊन खाली उतरल्यावर चाकांतून जळका वास आला. पाठोपाठ धूर! बाईंनी गाडी सावलीत लावली आणि शांतपणे म्हणाल्या, "ब्रेक तापलेत. होतं असं कधीकधी. निवतील." बाई निवांत भुईमुगाच्या शेंगा सोलत बसल्या. बापूंच्या तोंडचं पाणी पळालं ते पळालंच. ही रोज या उतारावरून जाणार, मी नसताना एकटीही जाणार. हिला काही झालं तर मी काय करू? विमा कचेरीत असल्या नुकसानीला भरपाई नव्हती.

बाईंशी बोलणं शक्यच नव्हतं. मागे एकदा "जरा हळू" म्हटलं, तर बाईंनी भर रस्त्यात गाडी थांबवून किल्ली त्यांच्या हातात ठेवली होती. "घ्या, तुम्ही चालवा!" तेव्हा बापूंनी ठरवलं, जे करायचं ते गुपचूप करायचं.

सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराने त्यांना एक्झॉस्ट ब्रेक दाखवला. "धुराच्या नळीत ही झडप बसवायची. झडप मिटली की धूर कोंडतो, इंजिन आपोआप अडखळतं, गाडी हळू होते. चाकांचे ब्रेक तापायचं नाव नाही!"

बापूंना तो दुकानदार देवमाणूस वाटला.

"यात प्रकार किती?"

"हवेवर चालणारा, विजेवर चालणारा आणि व्हॅक्यूमवर चालणारा. हवेच्याला टाकी लागते, ती तुमच्या पिकअपला नाही. विजेचा नाजूक असतो. तुम्ही व्हॅक्यूमचा घ्या, त्याला लागणारा पंप तुमच्या इंजिनावर आधीच आहे. फक्त नळीची जाडी सांगा."

बापू घरी आले, बाईंची शिवणाची टेप घेतली आणि पिकअपखाली सरपटत गेले. नळी अजून गरम होती, हे त्यांना टेप वितळायला लागल्यावर कळलं! तरी त्यांनी नळीभोवती टेप गुंडाळून माप घेतलंच. तेवढ्यात बाईंच्या चपला दिसल्या.

"अहो, खाली काय करताय?"

"मांजर होतं!"

"आणि माझी टेप?"

"मांजर मोजत होतो," असं बापूंच्या तोंडून निघून गेलं. बाईंनी वाकून त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि माणूस निवृत्त झाला की असं होतं, अशी मनाची समजूत घालून त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी बापूंनी दुकानात ऐटीत सांगितलं, "जाडी आठ इंच!"

दुकानदाराने हातातलं सामान खाली ठेवलं. "बापू, पिकअपला बसवायचाय की आगगाडीला?"

बापूंनी नळीचा घेर मोजून आणला होता! दुकानदाराने हसू दाबत हिशेब केला आणि अडीच इंची झडप बांधून दिली.

बसवायचं काम फोरमनकडे गेलं. हा गृहस्थ पूर्वी एका बस डेपोत फोरमन होता, आता त्याचं स्वतःचं गॅरेज होतं, पण नाव तेच राहिलं. सायलेन्सर गंजलाय अशी थाप मारून बापूंनी बाईंना गाडी तिथे न्यायला लावली आणि बाई घरी परतताच पिशवीतून झडप काढली. फोरमनने नळी कापली, झडप जोडली, रबरी नळ्या ओढल्या आणि विचारलं, "स्विच कुठे देऊ? स्टिअरिंगजवळ?"

"छे! बाईंना दिसेल ना!"

"अहो, दिसायलाच हवा! ब्रेक लावणार कोण?"

बापूंनी शेजारच्या सीटपुढची मॅट उचलली आणि खळग्याच्या बरोबर खाली बोट ठेवलं. "इथे. पायाने दाबायचं बटण. ब्रेक मी लावणार!"

फोरमनने मॅटखाली डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "गाडी एकाच्या हातात आणि ब्रेक दुसऱ्याच्या पायाखाली? एवढ्या गाड्या हाताखालून गेल्या, अशी एकही नाही पाहिली!"

"संसार असाच असतो," बापू म्हणाले.

फोरमनने हात टेकले. पण माणूस कामात पक्का. जाताना त्याने बजावलं, "बाईंचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर असेल तर तुम्ही कितीही दाबा, झडप मिटणार नाही. तशी सोय ठेवलीय. आणि मला यात गोवू नका!"

पहिल्याच फेरीला बापू आनंदाने सीटवर बसले. उतार आला, बाईंनी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, बापूंनी मॅट दाबली. घुर्रर्रर्र! गाडीने घसा खाकरल्यासारखा आवाज काढला आणि तिची चाल एकदम मंदावली. आहाहा! बापूंना गाणं म्हणावंसं वाटलं.

"हे काय?" बाई दचकल्या.

"कुठे काय?"

"आवाज आला! गाडी मागे ओढल्यासारखी झाली."

"मला तर काही नाही जाणवलं बुवा!"

पुढचं वळण, घुर्रर्र! त्यापुढचं, घुर्रर्र! बापू प्रत्येक वळणावर सुखावत गेले आणि बाई प्रत्येक वळणावर काळजीत पडत गेल्या. खाली पोहोचताच त्यांनी गाडी थेट गॅरेजमध्ये नेली. बाईंमागे उभे राहून बापू फोरमनला हातवारे करू लागले.

"फोरमन, उतारावर गाडी घुरघुरते!"

फोरमनने बापूंकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि म्हणाला, "दमा असेल."

"गाडीला?"

"जुनी झाली की... धुळीने... होतो कधीकधी."

बाईंना हे पटण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच गाडी घेऊन उतरल्या. हूं की चूं नाही! तिसऱ्या दिवशी बापूंना घेऊन गेल्या. घुर्रर्र!

"कळलं!" बाई म्हणाल्या. "तुमच्या वजनाने होतंय हे!"

त्या दिवसापासून बापूंच्या ताटातलं तूप गेलं, साखर गेली, दुसऱ्यांदा वाढून घेणं गेलं. बापूंनी मूग गिळून तेही सोसलं. पण बाई कसल्या स्वस्थ बसतात! त्यांनी बापूंच्या वजनाइतक्या सिमेंटच्या पिशव्या त्यांच्या सीटवर रचल्या, त्यांना पट्टा बांधला आणि उतार उतरून आल्या. गाडी लोण्यासारखी चालली!

"म्हणजे वजनाचं नव्हतं तर!" बापू खूश झाले. तूप परत येणार!

बाई मात्र चहा गार होईपर्यंत ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "गाडीला काही झालेलं नाही हो. बिघडलेय ती मी."

"काय?"

"तुम्ही शेजारी असलात की माझं लक्ष तुमच्याकडे जातं. तुम्ही घाबरता ना, ते मला दिसतं. मग माझे हातपाय काहीतरी चुकतात आणि मला कळतसुद्धा नाही. वय झालं माझं. आज हे, उद्या तुम्हाला घेऊन कुठे दरीत गेले तर? उद्याची बाकडी पोहोचवते आणि गाडी विकून टाकते."

ज्या बाईने उभ्या जन्मात कशाची भीती बाळगली नाही, तिला आपण स्वतःचीच भीती घातली! तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण बापूंचं ततपप झालं, बाई डोळे पुसत कारखान्यात निघून गेल्या आणि सांगायचं ते राहिलं.

दुसऱ्या दिवशी गाडीत नेहमीपेक्षा जास्त बाकडी भरली होती. बापूंनी मनाशी पक्कं केलं की आज बटणाला पाय लावायचा नाही. हिचा हात किती साफ आहे, हे हिचं हिला दिसू दे, मग खाली पोहोचल्यावर सगळं कबूल करायचं. पायाचा भरवसा नव्हता, म्हणून ते सीटवर चक्क मांडी घालून बसले.

"मांडी?" बाईंनी विचारलं.

"गुडघा धरलाय."

गाडी निघाली. पहिलं वळण निर्विघ्न पार पडलं. दुसरंही. बाईंनी कान टवकारले, आवाज नाही! तिसऱ्या वळणानंतर त्यांचा चेहरा उजळला. चौथ्यानंतर त्या चक्क गुणगुणू लागल्या. बापूंनी खिडकीकडे तोंड केलं, कारण त्यांचे डोळे भरून आले होते.

आणि मग तो वास आला. तोच जळका वास!

बाईंचं गुणगुणणं थांबलं. त्यांनी गिअर खाली आणला, ब्रेक दाबला, पुन्हा दाबला. "अहो," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "ब्रेक लागत नाहीये."

बापू पाय खाली सोडायला गेले, तर पाय हलेना! मांडी घालून पायाला मुंग्या आल्या होत्या! एवढा खटाटोप करून बसवलेला ब्रेक वीतभर खाली, आणि पाय लाकडाचा ओंडका!

"अहो, काय करताय?"

बापूंनी दोन्ही हातांनी स्वतःचा पाय उचलला, एखादी कुंडी ठेवावी तसा मॅटवर ठेवला आणि वरून गुडघ्यावर सगळा भार टाकला.

घुर्रर्रर्रर्र!

गाडी खाकरली, अडखळली, हळू झाली. पुढचं वळण आलं, बाईंनी स्टिअरिंग फिरवलं, बापू गुडघ्यावर ओणवे. त्याच्या पुढचं, बाई स्टिअरिंगवर, बापू गुडघ्यावर! इतक्या वर्षांच्या संसारात दोघांनी एकच काम इतकं एकजुटीने कधी केलं नव्हतं. उतार संपला, सपाट रस्ता लागला आणि बाईंनी हँडब्रेक ओढून गाडी झाडाखाली उभी केली.

मग बाई म्हणाल्या, "पाय उचला."

"उचलवत नाही. मुंग्या आल्यात."

बाईंनी वाकून त्यांचा पाय उचलला, बाजूला ठेवला, मॅट उलटली आणि बटण पाहिलं. बापूंनी डोळे मिटून घडाघडा सगळं सांगून टाकलं, झडप, टेप, मांजर, फोरमन, सगळं! "मला तुझी भीती नाही वाटत गं. तुझ्याशिवाय राहायची भीती वाटते. शिव्या दे, उपाशी ठेव, पण गाडी विकू नकोस."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे माझं काही चुकत नव्हतं?"

"काहीसुद्धा नाही!"

"म्हणजे मी म्हातारी झाले नाही?"

"मुळीच नाही!"

बाई आधी रडल्या, मग हसल्या, मग त्यांनी बापूंच्या दंडावर एक सणसणीत फटका मारला, आणि मग त्याच दंडावर डोकं टेकून पुन्हा थोडं रडल्या. "मेल्या माणसा! सांगायचं नाही का? मला कुणी पळवून नेत होतं का?"

ब्रेक निवले तशी बाईंनी बाकडी पोहोचवली आणि गाडी फोरमनकडे नेली. फोरमन आधी टेबलाच्या आड झाला, मग बाईंचा चेहरा पाहून बाहेर आला. त्याने चाकांचे ब्रेक नवे घातले, पायाखालचं बटण काढलं आणि स्विच स्टिअरिंगजवळ बसवला, बाईंच्या बोटाशी. ताटातलं तूप मात्र शिक्षा म्हणून आणखी काही दिवस बंदच राहिलं.

पुढच्या फेरीला उतार लागला. बाईंनी तिरक्या डोळ्याने पाहिलं. बापू नुसते जरा सावरून बसले तरी बाईंचं बोट स्विचवर जाई. घुर्रर्र! बापूंनी श्वास ओढला, घुर्रर्र! बापूंना नुसती शिंक येणार असं वाटलं, तरी घुर्रर्र! एक सायकलवाला शीळ घालत पुढे निघून गेला. मग शेळी घेऊन चाललेल्या एक आजी पुढे गेल्या. शेळीने वळून पाहिलं.

बापूंनी खूप वेळ कळ काढली. पण शेवटी त्यांच्याच्याने राहवेना.

"अगं, जरा पळव की! अशी कुणी गाडी चालवतं का?"

बाईंनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, त्यांच्या अंगावरून हात पुढे करून दार उघडलं आणि म्हणाल्या, "उतरा!"

बापू उतरले आणि चालू लागले. उतार संपेपर्यंत पिकअप घुरघुरत त्यांच्या शेजारून चालली होती, आणि खाली पोहोचायला दोघांना सारखाच वेळ लागला.